भिंत ऐकून राह्यली

टक, टक.

घरमालकाच्या उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटात पोवळं बसवलेली चांदीची अंगठी होती. ती भिंतीवर दोनदा वाजवायची, मान जराशी तिरपी करायची आणि म्हणायचं, "भिंतीला म्हनावं, आजची कढी बिलकुल बराबर झाली."

मग भिंतीनं उत्तर द्यायचं.

माणसं न्याहाळायचा नाद तुम्हालाही असणारच, त्याशिवाय तुम्ही हे वाचायला बसला नसता. तेव्हा तुम्हीच सांगा, नव्या गावात, नव्या बिऱ्हाडात पहिल्याच सकाळी राखुंडीनं दात घासत उभे असताना घरमालक भिंतीशी गप्पा मारताना दिसला तर तुम्ही काय समजाल? मीही तेच समजलो. चूळ भरली, खोलीत गेलो आणि वळकटी परत बांधावी की काय असा विचार करत बसलो.

निजामी जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. शाळेतली उर्दू जाऊन मराठी आली होती आणि मराठी शिकवणारे मास्तर जिथून मिळतील तिथून धरून आणत होते. मला अंबडकडून उचलून जाफराबादला आणून टाकलं. जागा मिळाली ती कापसाचा व्यापार करणाऱ्या एका मारवाडी गृहस्थांच्या घरी, ओसरीला लागून असलेल्या खोलीत. गाव त्यांना शेठजी म्हणायचं, मीही शेठजीच म्हणू लागलो. अंगानं सुकलेले, डोक्याला घट्ट बांधलेली केशरी पगडी, आणि चेहऱ्यावर कायम आत्ताच काहीतरी गंमत आठवल्यासारखा भाव.

घर माळवदाचं होतं, म्हणजे वर मातीचं सपाट छत. ओसरीमागे बैठक, बैठकीमागे माजघर आणि माजघरातच एका कोपऱ्यात चूल. बैठक आणि माजघर यांच्यामध्ये कच्च्या विटांची, पांढऱ्या मातीनं लिंपलेली एक जाड भिंत होती. भिंतीत आरपार कोनाडा होता. शेठजी जेवायला बैठकीत भिंतीला खेटून बसायचे आणि कोनाड्यातून ताट सरकत यायचं. ताटामागे हिरव्या बांगड्या दिसायच्या, आणि लगेच दिसेनाशा व्हायच्या. बांगड्या सुनेच्या होत्या.

"मास्तर, सामान बांधून राह्यले काय?" शेठजींनी त्याच सकाळी माझ्या दारात येऊन विचारलं. वळकटीची दोरी माझ्या हातात होती.

"नाही, नीट लावतो आहे," मी म्हणालो.

ते हसले. "मला येडा समजले ना? समदेच समजतात आधी. आमच्यात सून सासऱ्याशी बोलत न्हाई, तोंडबी दावत न्हाई. मोठ्याची लाज असती. घरात पोर असलं तर पोराच्या तोंडून बोलनं व्हतं. जा रं, आजोबाला सांग, पानी तापलं. आमच्या घरात पोर न्हाई. मंग काय करावं? भिंतीला सांगतो. ती भिंतीचं ऐकती, मी भिंतीचं ऐकतो."

"पण तुम्ही मराठीत बोलत होता."

"आमच्या भिंतीला मराठीच समजतं," ते म्हणाले. त्यांची सून, म्हणजे त्यांच्या भाषेत बिनणी, घनसावंगीकडची, माझ्या अंबडच्याच बाजूची. तिचं माहेर कैक पिढ्या तिकडच्या एका खेड्यात दुकान करून होतं. मारवाडी ती बोलायची ती पाहुण्यासारखी, अडखळत. म्हणून तिच्या जिवाला बरं वाटावं यासाठी म्हाताऱ्यानं घरातली बोली बदलून टाकली होती. हे त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही. माझं मला हळूहळू उमगलं.

शेठाणी जाऊन बराच काळ लोटला होता. एकुलता एक मुलगा हैदराबादेत वकिली शिकायला गेला होता, आणि शिक्षण संपल्यावरही तिथेच राहिला होता. दुकानात बसायचं नाही यावरून बापलेकाचं कडाक्याचं भांडण झालेलं. लग्न मात्र बापानं ठरवलं तसं करून, बायकोला इथं ठेवून तो निघून गेला. सहा-सहा महिन्यांनी यायचा, उंबऱ्यात उभा राहिल्यासारखा दोन दिवस राहायचा आणि परत जायचा. तेव्हा त्या घरात माणसं दोनच, आणि त्या दोघांनी एकमेकांचं तोंड कधी नीट पाहिलेलं नव्हतं.

पण बोलायची किती! मी अशी बडबड दुसऱ्या कुठल्याच घरात ऐकली नाही. संध्याकाळी शेठजी दुकानातून आले, हातपाय धुऊन भिंतीला पाठ टेकून बसले, की अंगठी वाजायची. आतून आवाज यायचा, "भिंत ऐकून राह्यली." मग दिवसभराचा बाजार त्या भिंतीला सांगितला जायचा. शेठजींना नकला उत्तम यायच्या. तहसिलीत एक कारकून होता, जन्मभर उर्दूत घोटलेला. राज्य बदलल्यावर तो हट्टानं शुद्ध मराठी बोलू लागला होता, आणि ते काही त्याच्या जिभेला पेलत नव्हतं. "शेठजी, कृपया आसनस्थ होइए, आपला अर्ज जो है तो प्रलंबित है," असं शेठजी त्याच्या आवाजात म्हणायचे आणि भिंतीपलीकडे खळखळून हसू फुटायचं. शेठजी अगदी कोरा चेहरा करून छताकडे बघत बसायचे. आपण हसवलं हे आपल्या गावीच नाही असं दाखवण्यात त्यांना मोठा आनंद होता.

माझीही नक्कल ते करायचे. मी खोलीत दिवा पुसत बसलेलो असायचो आणि पलीकडून माझाच आवाज यायचा, "पाढे पाठ नाहीत? हात पुढे कर!" आणि मागोमाग ते हसू. मला राग यायचा, आणि पाचव्या मिनिटाला मीही हसायचो.

एकदा मात्र त्या भिंतीवर भांडण झालं. बिनणीला ताप होता. तिनं सांगितलं नाही, तशीच चुलीपुढे बसून फुलके लाटत राहिली. शेठजींनी टक टक केलं. "भिंत ऐकून राह्यली," आवाज आला आणि शेठजींचा हात तसाच राहिला.

"भिंतीला ताप हाय," ते म्हणाले.

"भिंतीला काही न्हाई झालं."

"आवाजावरून कळतं मला. भिंतीनं जाऊन झोपावं."

"भिंत झोपली तर जेवन कोन देईल?"

शेठजी उठले. ओसरीवर तीन दगड मांडले, माझ्याकडून पातेलं मागून नेलं आणि पगडी काढून, धुरानं डोळे पुसत खिचडी केली. ती खिचडी खाली लागली होती आणि वर कच्ची होती, मी खाल्ली आहे म्हणून सांगतो. ती ताटात घेऊन ते भिंतीपाशी आले आणि त्या घरात पहिल्यांदाच ताट उलट्या दिशेनं कोनाड्यातून गेलं.

"भिंतीला म्हनावं, लेकीनं गुपचूप खाऊन घ्यावं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. शेठजी माझ्याकडे वळून कुजबुजले, "तिखट जास्त पडलं व्हय मास्तर?" खिचडीत तिखट घालायला ते विसरले होते.

अशी ती भिंत होती. आता ती कशी पडली ते सांगतो, आणि सांगताना माझं डोकं अजून तापतं.

मुलगा परत आला. कायमचा आला, निदान ट्रंका घेऊन आला. गाव त्याला वकीलसाहेब म्हणू लागलं. माणूस वाईट नव्हता हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही पुढचं वाचताना त्याच्यावर दात खाल. उलट फार चांगला होता, आणि खरी अडचण तीच होती. हैदराबादेत समाजातल्या तरुण मंडळींबरोबर तो परदा मोडायच्या कामात पडला होता. बायकांनी तोंड झाकून का जगायचं, असं तो पोटतिडकीनं विचारायचा, आणि त्याचं काही चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

आल्यावर चारआठ दिवसांतच त्यानं बैठकीतल्या भिंतीवर हात ठेवला. "बाबूजी, ही भिंत काढून टाकू या. बैठक नि माजघर मिळून एक मोठा हॉल होईल. उजेड येईल, वारा येईल. आणि बाई माणूस त्या अंधारात कोंडून राहणार नाही. आपल्या घरापासूनच सुरुवात करायची."

शेठजी पगडी सारखी करत राहिले. मला वाटलं, आता ते नाही म्हणतील. मी त्यांचा चेहरा पाहत होतो, आणि त्या चेहऱ्यावर दोन्ही बाजू मला स्पष्ट दिसत होत्या. नाही म्हटलं तर मुलगा ट्रंका उचलेल. हो म्हटलं तर भिंत जाईल, आणि भिंतीबरोबर तो आवाज.

"मिस्त्रीला ईचारू," ते म्हणाले. "भिंतीवर माळवदाचा भार असंल. भार असला तर हात न्हाई लावायचा."

मिस्त्री आला. त्यानं खांब पाहिले, वरच्या तुळया पाहिल्या, भिंतीच्या माथ्यावर काठी फिरवली. "ह्या भिंतीवर कायबी भार न्हाई शेठजी. समदं खांबावर हाय."

"नीट बघा."

"बघितलं की."

"पुन्ना बघा. एवढी जाड भिंत हाय. कायतरी भार असंलच की तिच्यावर."

मिस्त्री बिचारा पुन्हा शिडीवर चढला. खाली येऊन त्यानं हात झाडले. "न्हाई शेठजी. उद्या काढली तरी घराला काय व्हायचं न्हाई. नुसतीच आडवी हाय ती."

वकीलसाहेब खूश झाले. शेठजींनी मान हलवली आणि दुकानात निघून गेले.

भिंत पाडायच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला मी ओसरीवर बसलो होतो. आत अंगठी वाजली. "भिंत ऐकून राह्यली," बिनणी म्हणाली. शेठजी काहीच बोलेनात. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "भिंतीला काय म्हनायचं होतं?"

"काही न्हाई," शेठजी म्हणाले. "आवाज ऐकावा म्हनलं."

दुसऱ्या दिवशी मजूर आले. नारळ फोडला. पहिला घाव मालकानं घालायचा असं मिस्त्री म्हणाला, तर शेठजींनी टिकाव मुलाच्या हातात दिला. दुपारपर्यंत सगळ्या घरात पांढरी धूळ झाली. बिनणी माडीवरच्या खोलीत जाऊन बसली होती. कोनाडा कितीतरी वेळ एकटा उभा होता, त्याच्या दोन्ही बाजूंची भिंत गेली होती आणि त्यातून आता इकडून तिकडे पाहण्यात काही अर्थ नव्हता. मग तोही गेला. मजूर ती माती गावाबाहेर टाकायला निघाले तेव्हा शेठजी धावत आले.

"ती माती वाया न्हाई घालवायची. चांगली पांढरी हाय. माळवदावर टाका. गळायचं थांबंल."

सगळी भिंत घमेल्या-घमेल्यानं घराच्या डोक्यावर चढली. शेठजी खाली उभे राहून एकेक घमेलं वर जाताना पाहत होते.

हॉल झाला. भिंतीच्या जागी शहाबादी फरशीचे बारके तुकडे बसवले होते, त्यांचा एक पट्टा इकडून तिकडे वेगळा उठून दिसायचा. वकीलसाहेबांनी गावातल्या समाजाच्या सगळ्या घरांना चहाचं बोलावणं केलं, बायकांसकट. मलाही बोलावलं. काय सांगू तुम्हाला! पुरुष अलीकडे बसले, बायका पलीकडे, हनुवटीच्या खाली आलेले घूंघट घेऊन, एका ओळीत. मधला तो पट्टा जसाच्या तसा मोकळा. कुणी सांगितलं नव्हतं, पण एकाही माणसानं त्यावर पाय ठेवला नाही. वकीलसाहेबांनी छोटंसं भाषण केलं, आता आपल्यामध्ये भिंत नाही म्हणाले. चहा पिण्याचे तेवढे आवाज होत होते. मला हसू आवरेना म्हणून मी बाहेर आलो. बाहेर शेठजी माझ्याआधीच येऊन बसले होते आणि हसत नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून ते घर मुकं झालं.

बिनणीला आता स्वतःच्याच चुलीपुढे दिवसभर घूंघट घ्यावा लागे. भिंतीआड ती उघड्या डोक्यानं वावरायची, गुणगुणायची, हसायची. आता सासरा समोर. नवरा म्हणायचा, "अगं, घे ना पदर मागे. कोण काय म्हणणार आहे?" ती घ्यायची नाही. धुरात पदराआडून तिला दिसायचं नाही, फुलके करपायचे, भाजीत मीठ दोनदा पडायचं. शेठजी समोर बसून ते निमूट खायचे. एकदा सवयीनं त्यांचा हात वर गेला, बोट वाकलं, आणि हात तसाच पुढे गेला. तिथं काहीच नव्हतं. त्यांनी तो हात परत आणून मांडीवर ठेवला. पलीकडे चुलीपुढे लाटणं थांबलेलं होतं.

मग ते घरात थांबेनासे झाले. उजाडताच बाहेर पडायचे, दुकानात बसायचे, दुकान बंद झालं की नदीकडे जाऊन बसायचे. जेवायला आले की घाईघाईनं चार घास खाऊन उठायचे.

"एवढी घाई कसली शेठजी?" मी विचारलं.

"मी घरात असलो की तिचा जीव कोंडतो, मास्तर. मी भायेर पडलो की तिला तोंडावरचा पदर काढता येतो. तेवढाच वारा."

"मग तुम्हीच तिला सांगा ना, की माझ्याशी बोल म्हणून!"

"मी सांगितलं की हुकूम झाला तो. हुकमानं बोललेलं मला काय करायचं?"

"निदान पडदा तरी लावा मध्ये."

"पोरानं गावभर सांगितलं की आमच्या घरातून परदा गेला. त्याच घरात मी पडदा लावू? नाक कापल्यासारखं व्हईल त्याचं. पुन्ना जाईल तो."

मी शाळामास्तर, मला कुठं गप्प बसवतं! शेठजी दुकानात असताना एकदा मी ओसरीवरूनच बिनणीशी बोललो. माझ्याशी ती अर्ध्या पदरानं बोलायची, मी तिच्या मुलखाकडचा म्हणून. मी म्हणालो, "बाई, म्हातारा झुरतो आहे. आता भिंतच नाही तर सरळ बोला की. ते रागावणार नाहीत."

ती फरशीच्या त्या पट्ट्याकडे बघत होती. "मला ठाऊक हाय मास्तर, न्हाई रागवायचे. पन भिंतीआड मी लेक व्हते. समोर आले की सून होते मी. तोंडातून शब्दच फुटत न्हाई."

वकीलसाहेबांनाही मी सांगून पाहिलं. ते माझ्याकडे दयेनं बघत म्हणाले, "मास्तर, तुम्ही शिकलेले, आणि तुम्ही असं म्हणता? सवय मोडायला वेळ लागतो. बोलतील ते हळूहळू." मी त्यांना त्या गप्पांबद्दल सांगितलं, नकलांबद्दल सांगितलं. त्यांना ते खरं वाटलं नाही. आपली बायको खळखळून हसते हे त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. ते असायचे तेव्हा ती भिंत गप्प असायची ना.

त्या हिवाळ्यात शेठजींच्या छातीत कफ धरला. नदीकाठच्या वाऱ्यात बसून दुसरं काय होणार? आता बाहेर जाणं बंद. हॉलमध्येच खाट टाकली, पट्ट्याच्या अलीकडे. चार पावलांवर चूल. दोघंही दिवसभर एका जागेत, आणि मध्ये अवाक्षर नाही. माझी शाळा सकाळची होती, दुपारी मी त्यांच्याजवळ बसायचो. ते झपाट्यानं उतरत होते. नकला नाहीत, थट्टा नाही. अंगठी सैल होऊन बोटात फिरायची.

एका दुपारी ते डोळे मिटून पडले होते. एकदम म्हणाले, "मास्तर, आवाज कसा व्हता हो तिचा? इसरून राह्यलो मी."

चुलीपुढे कणीक मळणारे हात थांबले. घूंघट चुलीकडेच वळलेला होता, पण खांदे हलत होते.

मला असा संताप आला म्हणता! कुणाचा ते नेमकं सांगता यायचं नाही. मी उठलो, कोपऱ्यातली लांब सतरंजी ओढली, तिचं एक टोक खांबाच्या खुंटीला बांधलं आणि दुसरं हातात घेऊन त्या पट्ट्यावर उभा राहिलो. सुधारणेचं, परद्याचं आणि कुणाच्या नाकाचं काय व्हायचं ते होऊ दे!

शेठजींनी डोळे उघडले. सतरंजीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग त्यांचा हात काहीतरी शोधू लागला. भिंत नव्हती. खाटेशेजारी पाण्याचा तांब्या होता. त्यावर अंगठी वाजली.

टक, टक.

पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला. पुष्कळ दिवस न वापरलेला, चिरका आवाज.

"भिंत ऐकून राह्यली."

शेठजींच्या डोळ्यांतून सरळ कानापर्यंत पाणी गेलं. ते पुसलं नाही त्यांनी. "भिंतीला म्हनावं," ते म्हणाले, "काल खिचडीत मीठ न्हवतं."

"भिंतीला म्हाईत हाय. पदरातून डबा दिसला न्हाई. अन् दुसऱ्याच्या खिचडीला नावं ठिवू नये, तुमची खिचडी ठाऊक हाय भिंतीला."

शेठजी हसले. आणि मग ती सुटली. किती दिवसांचं साठलेलं होतं कुणास ठाऊक! कोठीत मांजर व्यालं, भांडी घासणारीच्या लेकीचं जमलं, पापडाला यंदा उडीद बराबर मिळाला नाही. आणि मग पलीकडून भसाड्या आवाजात, "शेठजी, आपन का उठत नाही? आपला उठना जो है तो प्रलंबित है!" तहसिलीतला कारकून! ती शेठजींना शेठजींचीच नक्कल करून दाखवत होती. म्हातारा हसता हसता खोकला, खोकता खोकता हसला.

दारात कुणीतरी उभं होतं. काळा कोट हातावर टाकून वकीलसाहेब जेवायला आले होते. ते किती वेळ उभे होते मला ठाऊक नाही. आपल्या बायकोचं हसू ऐकणारा त्यांचा तो चेहरा मी जन्मात विसरणार नाही. आता हे भडकणार असं मला वाटलं. माझा हात भरून आला होता. ते कोट खाली टाकून पुढे आले आणि त्यांनी माझ्या हातातून सतरंजीचं टोक आपल्या हातात घेतलं.

"मला ठाऊकच नव्हतं, मास्तर," ते हळूच म्हणाले.

पुढे रोज दुपारी वकीलसाहेबच ते टोक धरायचे. दुसऱ्या बाजूलाही खुंटी ठोकू या, मी सुचवलं. ते नको म्हणाले. मिस्त्रीला त्यांनी सांगावा धाडला, आणि अंगणात कच्च्या विटांची रास येऊन पडली. शेठजींनी तांब्यावर अंगठी वाजवून ती बातमी पलीकडे कळवली. "भिंतीला म्हनावं, वकीलसाहेब नवी भिंत घालून राह्यले. ह्या टायमाला कोनाडा जरा मोठा ठिवा म्हनावं, ताट आडतं." पलीकडून हसू आलं. मिस्त्री दुसऱ्या गावी कामावर गेला होता, तो बाजाराच्या दिवशी येणार होता.

बाजाराच्या आधीच एका दुपारी, मी खाटेशेजारी बसलेलो असताना, शेठजींना धाप लागली. बोलू नका म्हटलं तरी त्यांनी तांब्या जवळ ओढला. वकीलसाहेब सतरंजी धरून पट्ट्यावर उभे होते. अंगठी वाजली. एकदा नीट, दुसऱ्यांदा नुसती घासल्यासारखी.

"भिंत ऐकून राह्यली," बिनणी म्हणाली.

आम्ही वाट पाहिली. शेठजींचे ओठ उघडे होते, तोंडावर ती गंमत आठवल्याची खूण होती. हात तांब्यावरच होता. मी नाकापाशी बोट धरलं आणि वकीलसाहेबांकडे पाहिलं. त्यांना कळलं. त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला, पण सतरंजी त्यांनी तशीच वर धरली होती.

पलीकडे लाटण्याचा आवाज थांबला. चुलीत लाकूड तडकलं.

"भिंत ऐकून राह्यली," ती पुन्हा म्हणाली. आणि जरा वेळानं, त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा, मध्ये कुणाला न घालता तिनं हाक मारली, "बाबूजी?"

सतरंजी खाली घ्यायला वकीलसाहेबांचा हात काही तयार होईना.